अदृश्य उजेडात दिसणारी गाठ: इन्फ्रारेड नॅनोकण म्हणजे काय, ते कसे काम करतात आणि कोल्हापूरचा त्यांच्याशी काय संबंध?

कोरोनाच्या काळात कोल्हापूर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत एक छोटं यंत्र आलं. बोटाला चिमट्यासारखं लावायचं, आत लाल दिवा लागायचा आणि पडद्यावर ऑक्सिजनचा आकडा यायचा. सगळे त्याला ऑक्सिमीटर म्हणायला लागले. पण त्या चिमट्यात दिवे दोन असतात, हे फार जणांच्या लक्षात आलं नाही. एक दिवा लाल, साधारण ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा. दुसरा साधारण ९४० नॅनोमीटरचा. तो लागलेला असतो, पण आपल्याला दिसत नाही.

हा दुसरा दिवा इन्फ्रारेडचा, म्हणजे अवरक्त प्रकाशाचा. तो कातडी, मांस आणि रक्त ओलांडून बोटाच्या दुसऱ्या बाजूला पोचतो. हाच प्रकाश वापरून शस्त्रक्रियेच्या टेबलावर कॅन्सरची गाठ नेमकी कुठे संपते ते दाखवता येईल का, या प्रश्नावर जगभरातल्या प्रयोगशाळा काम करत आहेत. त्यासाठी लागणारी एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे चमकणाऱ्या रंगद्रव्यांचे अतिसूक्ष्म कण. असे चमकणारे कण पाण्यात तयार करण्याचं तंत्र कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात अनेक वर्षं हाताळलं जात आहे.

हे कण काय असतात, शरीरात गेल्यावर काय करतात आणि सामान्य रुग्णाला त्याचा उपयोग कधी होणार, ते समजून घेऊया.

शरीर प्रकाशाला अडवतं कसं?

अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च तळहाताखाली धरा. बोटांच्या कडा लालभडक दिसतात. टॉर्चचा उजेड पांढरा असतो, म्हणजे त्यात निळा, हिरवा, पिवळा असे सगळे रंग असतात. पण हातातून बाहेर येतो फक्त लाल. बाकीचे रंग वाटेतच संपतात.

त्याची कारणं दोन. पहिलं म्हणजे शोषण. रक्तातलं हिमोग्लोबिन निळा आणि हिरवा प्रकाश मोठ्या प्रमाणावर गिळतं. त्वचेतलं मेलॅनिनही त्यात भर घालतं. साधारण ६०० नॅनोमीटरच्या पुढे, म्हणजे लाल रंगाकडे गेलं की हिमोग्लोबिनची ही भूक झपाट्यानं कमी होते.

दुसरं कारण म्हणजे विखुरणं. पेशी, त्यांच्या भिंती, चरबीचे थेंब यांवर आदळून प्रकाश दिशा बदलत राहतो. तरंगलांबी जितकी कमी, तितकं विखुरणं जास्त. संध्याकाळी रंकाळ्याच्या काठावरून मावळता सूर्य तांबडा दिसतो, त्यामागेही असाच नियम आहे. हवेचा लांबचा पल्ला ओलांडताना निळा प्रकाश इकडेतिकडे फेकला जातो आणि लाल प्रकाश सरळ पोचतो.

लाल रंगाच्याही पलीकडे, साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, रक्ताचं शोषण कमी असतं आणि पाण्याचंही फारसं सुरू झालेलं नसतं. शास्त्रज्ञ या पट्ट्याला शरीराची 'प्रकाश-खिडकी' म्हणतात. ९०० नॅनोमीटरच्या पुढे शरीरातलं पाणी प्रकाश जास्त शोषायला लागतं आणि ही पहिली खिडकी हळूहळू मिटते.

ताप मोजणारा कॅमेरा म्हणजे हाच का?

नाही. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. विमानतळावर ताप तपासणारे थर्मल कॅमेरे शरीरातून बाहेर पडणारी उष्णता टिपतात. तोही इन्फ्रारेडच, पण त्याची तरंगलांबी साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर, म्हणजे आपण बोलतोय त्या प्रकाशाच्या दहापट. त्यातून फक्त पृष्ठभागाचं तापमान कळतं.

या लेखातला प्रकाश आहे 'निअर इन्फ्रारेड', म्हणजे लाल रंगाला लागून असलेला. टीव्हीच्या रिमोटमधून तोच निघतो. रिमोटचा दिवा मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं, तर अनेक फोनमध्ये जांभळट-पांढरी उघडझाप दिसते. डोळ्याला जे दिसत नाही, ते कॅमेऱ्याच्या सेन्सरला दिसतं. शस्त्रक्रियेतले इन्फ्रारेड कॅमेरे याच तत्त्वावर काम करतात. फक्त ते कितीतरी जास्त संवेदनशील असतात.

प्रतिदीप्ती म्हणजे नेमकं काय?

लग्नाच्या वरातीत डीजेच्या जांभळ्या दिव्याखाली पांढरा शर्ट निळसर चमकायला लागतो. बँकेत नोट अतिनील दिव्याखाली धरली की तिच्यातले धागे आणि नंबर उजळतात. या सगळ्या प्रकाराला प्रतिदीप्ती किंवा फ्लुओरेसन्स म्हणतात. १८५२ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी या घटनेचा उलगडा करताना हा शब्द वापरला.

रंगद्रव्याचा रेणू एका तरंगलांबीचा प्रकाश गिळतो. त्यामुळे त्याची ऊर्जा वाढते. त्यातली थोडी ऊर्जा उष्णतेत जाते आणि उरलेली काही नॅनोसेकंदांत पुन्हा प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते. थोडी ऊर्जा आधीच खर्च झाल्यामुळे बाहेर येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी आत गेलेल्या प्रकाशापेक्षा जास्त असते.

हा फरक फार कामाचा आहे. समजा, रंगद्रव्यावर ७८० नॅनोमीटरचा प्रकाश टाकला आणि त्यातून ८२० नॅनोमीटरचा बाहेर आला. मग कॅमेऱ्यापुढे असा फिल्टर लावायचा, की ७८० अडेल आणि ८२० आत जाईल. त्यामुळे टाकलेला प्रकाश कॅमेऱ्याला दिसतच नाही. काळ्या पार्श्वभूमीवर फक्त रंगद्रव्य असलेली जागा उजळते. शिवाय शरीरातले स्वतःहून चमकणारे रेणू या पट्ट्यात फार कमी चमकतात, त्यामुळे चित्र स्वच्छ येतं.

फोटो फिल्मच्या कंपनीतून दवाखान्यात

या क्षेत्रातलं सर्वांत जुनं आणि आजही सर्वांत जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे इंडोसायनिन ग्रीन. डॉक्टर त्याला आयसीजी म्हणतात. हे हिरवं रंगद्रव्य कोडॅक कंपनीच्या फोटोग्राफीसाठीच्या रंगद्रव्य-संशोधनातून आलं. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये हृदयातला रक्तप्रवाह मोजण्यासाठी ते तपासलं गेलं आणि १९५९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाची त्याला मान्यता मिळाली.

शिरेतून दिलं की आयसीजी रक्तातल्या प्रथिनांना चिकटतं. ते साधारण ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश गिळतं आणि ८२०-८३० च्या आसपास चमकतं. काही मिनिटांत यकृत ते रक्तातून उचलतं आणि पित्तावाटे बाहेर टाकतं.

डोळ्यांच्या तपासणीत त्याचा उपयोग दशकानुदशकं होत आहे. डोळ्याच्या पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांचं जाळं एका गडद थराखाली असतं. तिथे हिरवा प्रकाश नीट पोचत नाही, इन्फ्रारेड पोचतो. पित्ताशयाच्या दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियेत पित्तनलिका चुकून कापली जाऊ नये, म्हणून ती आयसीजीनं उजळून घेतात. आतडं कापून जोडलं की जोडलेल्या भागाला रक्त पोचतंय का, तेही पाहता येतं.

सर्वांत मोठा उपयोग स्तनाच्या कॅन्सरमध्ये आहे. हा कॅन्सर पसरायला लागला की बहुतेक वेळा आधी काखेतल्या लसिका गाठींमध्ये जातो. पूर्वी सगळ्या गाठी काढून टाकत असत. त्यामुळे अनेक महिलांचा हात कायमचा सुजायचा. आता स्तनात रंगद्रव्य टोचून ते सगळ्यात आधी कोणत्या गाठीत पोचतं, ते पाहतात. तीच गाठ काढून तपासायची. ती स्वच्छ असेल तर बाकीच्या वाचतात. हे शोधण्याची रुळलेली पद्धत म्हणजे निळा रंग आणि किरणोत्सारी द्रव्य. पण किरणोत्सारी द्रव्यासाठी न्यूक्लिअर मेडिसिन विभाग लागतो आणि तो प्रत्येक शहरात नसतो. आयसीजीला एक कॅमेरा पुरतो. गाठ शोधण्यात आयसीजी जवळपास तितकंच चांगलं ठरतं, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

मग नॅनोकण कशाला हवेत?

आयसीजी चांगलं आहे, पण त्याच्या मर्यादा आहेत.

एक, ते पाण्यात फार काळ टिकत नाही. विरघळवून ठेवलं आणि उजेडात राहिलं की बिघडायला लागतं. म्हणून ते ऐनवेळी तयार करावं लागतं.

दोन, ते शरीरातून फार लवकर जातं. रक्तप्रवाह पाहायला काही मिनिटं पुरतात, पण दोन-तीन तास चालणाऱ्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेला पुरत नाहीत.

तीन, ते मंद चमकतं. प्रकाशाचे शंभर कण गिळले, तर त्यातले मोजकेच परत प्रकाश म्हणून बाहेर येतात.

चार, आणि हे सर्वांत महत्त्वाचं. ते कॅन्सर ओळखत नाही. जिकडे रक्त जाईल, तिकडे ते जातं.

इथे नॅनोकणांची कल्पना येते. रंगद्रव्याचे शेकडो किंवा हजारो रेणू एका सूक्ष्म गोळीत बंद करायचे. या गोळीचा आकार साधारण १० ते २०० नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज येईल. गोळीचं कवच रंगद्रव्याला पाण्यापासून वाचवतं. एकाच ठिकाणी भरपूर रेणू असल्यामुळे चमक वाढू शकते. कवचावर विशिष्ट पॉलिमर लावला, तर रोगप्रतिकारक पेशींना गोळी लवकर ओळखता येत नाही आणि ती रक्तात जास्त वेळ फिरते. आणि कवचावर कॅन्सरच्या पेशींना चिकटणारा एखादा रेणू लावला, तर गोळीला पत्ताही मिळतो.

कवच कशाचं करायचं याचे अनेक पर्याय आहेत. चरबीच्या दुपदरी थराचे फुगे, म्हणजे लिपोसोम. शरीरात विरघळणारा पीएलजीए नावाचा पॉलिमर, जो काही औषधांत आधीपासून वापरला जातो. सिलिका. किंवा कवचच नाही, रंगद्रव्याच्याच रेणूंचा घट्ट गोळा.

कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत काय होतं?

शेवटचा प्रकार, म्हणजे सेंद्रिय रंगद्रव्याच्याच रेणूंचा नॅनोकण, हा शिवाजी विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाच्या आवडीचा विषय राहिला आहे. इथे 'फ्लुओरेसन्स स्पेक्ट्रोस्कोपी रिसर्च लॅबोरेटरी' नावाची प्रयोगशाळा आहे. प्रा. एस. आर. पाटील आणि प्रा. जी. बी. कोळेकर यांच्यासह इथल्या संशोधकांनी चमकणाऱ्या नॅनोकणांवर अनेक शोधनिबंध प्रसिद्ध केले आहेत.

कण बनवण्याची पद्धत ऐकायला साधी आहे. पाण्याच्या बादलीत फिनाइल ओतलं की पाणी क्षणात दुधाळ होतं. पाण्यात न मिसळणारं तेल बारीक थेंबांच्या रूपात पसरतं, म्हणून असं दिसतं. प्रयोगशाळेतली युक्ती याच्या जवळची आहे. पाण्यात न विरघळणारं रंगद्रव्य ॲसिटोनसारख्या द्रावकात विरघळवायचं. मग ते द्रावण भरपूर पाण्यात झटकन सोडायचं आणि जोरात ढवळायचं. ॲसिटोन पाण्यात मिसळून जातं, रंगद्रव्य एकटं पडतं आणि त्याचे रेणू एकमेकांना धरून सूक्ष्म कण बनवतात. हे कण आणखी मोठे होऊ नयेत म्हणून साबणासारखं द्रव्य घालतात, ते कणांभोवती थर धरतं. या पद्धतीला पुनःअवक्षेपण म्हणतात.

कोल्हापुरात अशा कणांचा वापर मुख्यतः रसायनं ओळखण्यासाठी झाला. एका कामात एन-मिथाइल आयसॅटिन या सेंद्रिय संयुगाचे कण करून पाण्यातलं कॅडमियम हे विषारी धातू-आयन शोधलं गेलं. कॅडमियम जवळ आलं की कणांची चमक वाढते. दुसऱ्या एका कामात चहाच्या उरलेल्या चोथ्यापासून कार्बनचे चमकणारे कण बनवले गेले. त्यांनी टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकचं प्रमाण मोजलं आणि यीस्टच्या जिवंत पेशींची चमकती चित्रंही घेतली.

यातला फरक मात्र स्पष्ट समजून घ्यायला हवा. या प्रकारचे कण दृश्य प्रकाशात चमकतात. काचपट्टीवरच्या पेशी पाहायला तेवढं पुरतं. माणसाच्या शरीरात काही मिलिमीटर आत पाहायचं असेल, तर रंगद्रव्य इन्फ्रारेडमध्ये चमकणारं हवं. तंत्र तेच, पण रेणू वेगळा. त्या वेगळ्या रेणूत आणि त्यानंतरच्या तपासण्यांतच खरी अडचण आहे.

गर्दी झाली की चमक विझते

पहिली अडचण रसायनशास्त्राची. इन्फ्रारेडमध्ये चमकणारे बहुतेक रेणू लांब आणि चपटे असतात. आयसीजीही तसंच. असे रेणू कणात दाटीवाटीनं बसवले की ते पापडांसारखे एकावर एक बसतात. मग एकानं गिळलेली ऊर्जा दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे जाते आणि शेवटी उष्णता होऊन संपते. म्हणजे चमक वाढावी म्हणून हजार रेणू एकत्र आणले आणि चमकच विझली, असं होतं.

यावरचा मोठा तोडगा २००१ मध्ये सापडला. हाँगकाँगमध्ये बेन झोंग तांग यांच्या गटाला असे रेणू आढळले, की जे एकटे असताना चमकत नाहीत आणि एकत्र आल्यावर चमकतात. त्यांची रचना पंख्याच्या पात्यांसारखी असते. मोकळे असताना पाती फिरत राहतात आणि ऊर्जा त्या फिरण्यातच जाते. मोकळ्या अंगणात फुगडी घालता येते, पण यात्रेच्या गर्दीत हात हलवायलाही जागा नसते. तसंच कणात दाटी झाली की पाती थांबतात. मग ऊर्जेला बाहेर पडायला एकच वाट उरते, ती प्रकाशाची.

विझण्याचाही उपयोग करून घेतला जातो. ऊर्जा उष्णता होऊन संपत असेल, तर त्याच उष्णतेनं कॅन्सरची गाठ भाजता येईल का? आयआयटी मुंबईतले प्रा. रोहित श्रीवास्तव यांचा गट आणि खारघरमधल्या टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक केंद्रातले डॉ. अभिजित दे यांनी मिळून या दिशेनं काम केलं. त्यांनी लिपोसोमवर सोन्याचा पातळ थर दिला. इन्फ्रारेड लेसर पडला की हे कण तापतात आणि गाठ नष्ट होते. काम झाल्यावर लिपोसोम विरघळतो आणि सोन्याचे बारीक तुकडे शरीराबाहेर जाऊ शकतात. उंदरांवरचं हे काम २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं.

कण खरंच गाठीपर्यंत पोचतो का?

१९८६ मध्ये जपानमध्ये यासुहिरो मात्सुमुरा आणि हिरोशी माएदा यांनी एक महत्त्वाचं निरीक्षण मांडलं. कॅन्सरची गाठ घाईघाईनं वाढते, त्यामुळे तिच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात. मोठे कण त्यांतून झिरपून गाठीत जातात आणि निचरा नीट नसल्यामुळे तिथेच अडकतात. पुढची तीस वर्षं नॅनो-औषधांचं बरंचसं संशोधन याच भरवशावर चाललं.

पण २०१६ मध्ये टोरंटो विद्यापीठातल्या वॉरन चॅन यांच्या गटानं आधीच्या दहा वर्षांतले निबंध एकत्र करून हिशेब मांडला. प्राण्यांना टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचं मध्यक प्रमाण फक्त ०.७ टक्का निघालं. बाकीचे बहुतेक यकृत आणि प्लीहा यांनी अडवलेले. त्यातही उंदराची गाठ काही दिवसांत वाढवलेली असते, माणसाची गाठ वर्षानुवर्षं वाढते. दोघांच्या रक्तवाहिन्या सारख्या गळक्या असतीलच असं नाही.

म्हणून 'नॅनोकण फक्त कॅन्सरवर हल्ला करतो' अशी बातमी वाचली, तर दोन प्रश्न विचारायला हवेत. प्रयोग कोणावर झाला? आणि टोचलेल्यापैकी किती कण खरंच पोचले?

आणि बाहेर कसा पडतो?

रुग्णाच्या दृष्टीनं हा प्रश्न चमकेइतकाच मोठा आहे. साधारण ५.५ नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडातून गाळून लघवीवाटे जातात, असं २००७ च्या एका अभ्यासात दिसलं. त्याहून मोठे कण मुख्यतः यकृताकडे जातात. कवच विरघळणारं असेल तर काम सोपं होतं. ते नसेल, तर कण महिनोन्महिने साचून राहण्याची भीती असते.

सुरुवातीला या कामासाठी क्वांटम डॉट नावाच्या स्फटिकांची खूप चर्चा झाली. ते फार तेजस्वी असतात. पण त्यातल्या अनेकांमध्ये कॅडमियम असतं. कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत जे पाण्यात शोधलं गेलं, तेच विष. ते माणसाच्या शरीरात सोडायला कोण परवानगी देणार? म्हणूनच सेंद्रिय रंगद्रव्यांच्या कणांकडे लक्ष वळलं.

माणसापर्यंत पोचलेलं एक ठळक उदाहरण अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचं आहे. तिथे उलरिक वीस्नर यांच्या गटानं सिलिकाच्या सहा-सात नॅनोमीटरच्या गोळ्यांत चमकणारं रंगद्रव्य बंद केलं. २०१४ मध्ये मेलॅनोमा या कॅन्सरच्या पाच रुग्णांवर त्यांची पहिली चाचणी प्रसिद्ध झाली. कण मुख्यतः लघवीवाटे बाहेर गेले आणि गंभीर दुष्परिणाम दिसले नाहीत. पाच रुग्ण ही संख्या लहान आहे, पण असा कण माणसाला देता येतो, हे त्यातून कळलं.

भारतात अशा औषधांची तपासणी कशी करायची, याची मार्गदर्शक तत्त्वं ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं जाहीर केली. कणांचा आकार, त्यांचा पृष्ठभाग, ते शरीरात कुठे जातात, किती काळ राहतात, हे सगळं त्यात दाखवावं लागतं. प्रयोगशाळेत शंभर मिलिलिटर द्रावण बनवणं वेगळं. कारखान्यात प्रत्येक वेळी अगदी त्याच आकाराचे कण बनवणं वेगळं. अनेक चांगल्या कल्पना या दुसऱ्या टप्प्यावरच अडकतात.

१००० नॅनोमीटरच्या पलीकडची दुसरी खिडकी

२००९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात होंगजिए दाई यांच्या गटानं कार्बनच्या नळ्या वापरून १००० नॅनोमीटरच्या पुढच्या पट्ट्यात उंदराच्या शरीरातली चित्रं घेतली. साधारण १००० ते १७०० नॅनोमीटरच्या या पट्ट्याला दुसरी खिडकी म्हणतात. इथे पाण्याचं शोषण काही जागी बरंच वाढतं, पण विखुरणं खूप कमी होतं आणि शरीराची स्वतःची चमक जवळजवळ नसतेच. त्यामुळे बारीक रक्तवाहिन्याही रेखीव दिसतात.

गंमत म्हणजे जुनं आयसीजीही या पट्ट्यात थोडं चमकतं. बीजिंगमधल्या संशोधकांनी याचाच फायदा घेऊन यकृताच्या कॅन्सरच्या २३ रुग्णांच्या शस्त्रक्रिया दुसऱ्या खिडकीतून पाहिल्या. माणसावरचा असा हा पहिला प्रयोग होता. नवं औषध नव्हतं, नवा होता तो कॅमेरा.

अडचण त्या कॅमेऱ्याचीच आहे. मोबाईलमधला सिलिकॉनचा सेन्सर १००० नॅनोमीटरच्या पुढे आंधळा होतो. तिथे इंडियम, गॅलियम आणि आर्सेनिक यांच्या संयुगाचा सेन्सर लागतो आणि तो खूप महाग असतो.

रुग्णाला आज काय मिळतं?

कॅन्सर ओळखून चमकणारी काही रंगद्रव्यं बाजारात आली आहेत. अमेरिकेत नोव्हेंबर २०२१ मध्ये पॅफोलॅसायनिन या इन्फ्रारेड रंगद्रव्याला अंडाशयाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेसाठी मान्यता मिळाली. त्याला फॉलिक ॲसिडसारखा एक तुकडा जोडलेला असतो. अंडाशयाच्या बऱ्याच कॅन्सरच्या पेशींवर फॉलिक ॲसिड पकडणारे रेणू भरपूर असतात, तिथे ते चिकटतं. १३४ महिलांच्या चाचणीत २६.९ टक्के रुग्णांमध्ये डोळ्यांना आणि बोटांना न कळलेली किमान एक कॅन्सरची जागा या चमकेमुळे सापडली.

म्हणजे चार जणींपैकी एकीच्या पोटात एरवी काहीतरी राहून गेलं असतं. या सगळ्या संशोधनाचं मोल या एका आकड्यात कळतं. सर्जन गाठ काढतो तेव्हा तिची कड कुठे संपते, हे त्याला डोळा आणि स्पर्श यांवरूनच ठरवावं लागतं. कमी कापलं तर कॅन्सर उरतो आणि पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. जास्त कापलं तर निरोगी अवयव जातो.

मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. पॅफोलॅसायनिन हा नॅनोकण नाही, एकेकटा रेणू आहे. नॅनोकणांच्या रूपातली इन्फ्रारेड रंगद्रव्यं अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आणि प्राथमिक चाचण्यांत आहेत. आणि कोणतीही चमक शंभर टक्के खरी नसते. सूज आलेल्या निरोगी जागाही कधी कधी चमकतात. त्यामुळे शेवटचा शब्द पॅथॉलॉजीच्या तपासणीचाच.

हे तंत्र सीटी स्कॅन किंवा एमआरआयची जागाही घेणार नाही. इन्फ्रारेड प्रकाश काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर आतलं दाखवतो. त्याचा खरा उपयोग पोट किंवा छाती उघडल्यावर, समोर दिसणाऱ्या अवयवावर आहे.

छोट्या शहरांसाठी हे का महत्त्वाचं?

जागतिक कॅन्सर नोंदींच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते आणि सुमारे ९८ हजार महिलांचा त्यात मृत्यू झाला. कोल्हापूर, सांगली, सातारा, बेळगाव या पट्ट्यातले अनेक रुग्ण आजही उपचारांसाठी मुंबई-पुण्याची गाडी पकडतात. सायक्लोट्रॉन, न्यूक्लिअर मेडिसिन, मोठी स्कॅन यंत्रं यांच्या तुलनेत एक दिवा, एक फिल्टर आणि एक कॅमेरा ही सामग्री छोटी आहे. ती जिल्ह्याच्या शस्त्रक्रियागृहातही बसू शकते.

आयसीजी आणि त्याचे कॅमेरे भारतातल्या अनेक मोठ्या रुग्णालयांत आले आहेत. रुग्णानं आपल्या सर्जनला विचारण्यासारखे प्रश्न साधे आहेत: माझ्या शस्त्रक्रियेत आयसीजीचा उपयोग होईल का? ती सोय इथे आहे का? आयसीजीच्या नेहमीच्या औषधात आयोडीन असतं, त्यामुळे आयोडीनची ॲलर्जी असेल तर ती आधी सांगायला हवी.

नॅनोकणांची वाट मात्र अजून लांब आहे. पाण्यात टिकणारा कण, इन्फ्रारेडमध्ये तेजस्वी चमकणारा रेणू, यकृताला चुकवून गाठीत पोचण्याची युक्ती आणि काम संपल्यावर शरीराबाहेर जाण्याचा रस्ता, या चार गोष्टी एकाच कणात बसवायच्या आहेत. यातली पहिली गोष्ट कशी करायची, हे कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांना चांगलं माहीत आहे. उरलेल्या तिन्हींसाठी रसायनशास्त्र विभागाला डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट आणि औषध बनवणारे कारखाने यांची सोबत लागेल.